व्हिडिओ बघून झाला, समजलं पण, आता येतं का ते कसं बघायचं

सध्या शिकायला कशाचीच कमी नाहीये. कुठलाही विषय सर्च करा, दहा मिनिटांत समजावून सांगणारं कोणीतरी सापडतंच, तरी डोक्यात नाही शिरलं तर चॅटबॉटला विचारा, तो न वैतागता पाचव्यांदा पण सांगतो. अडचण वेगळीच होऊन बसलीये. बघताना सगळं कळतं, मान डोलत असते, आणि दोन दिवसांनी कोरा कागद पुढ्यात घेतला की पेन जागचं हलत नाही. मग आपण काय करतो, तर त्याच टॉपिकवरचा अजून एक व्हिडिओ लावतो, जरा जास्त व्ह्यूजवाला.

ह्यावर २०१८ मध्ये मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन ह्या दोघा संशोधकांचे काही प्रयोग आले होते. त्यातला एक मूनवॉकचा, म्हणजे मायकेल जॅक्सनची ती मागे सरकायची डान्स स्टेप. लोकांना मूनवॉकचा छोटासा व्हिडिओ दाखवला, काहींना एकदाच आणि काहींना वीस वेळा, मग विचारलं की तुम्हाला कितपत जमेल. वीस वेळा बघितलेल्यांना वाटत होतं आपल्याला बऱ्यापैकी जमेल. प्रत्यक्ष करून बघायला लावलं तर दोन्हीकडचे सारखेच. वाढला तो फक्त कॉन्फिडन्स. गणित, कोडिंग, नवीन भाषा, सगळीकडे हेच चालू असतं, फक्त तिथे पडलं तरी लागत नाही म्हणून उशिरा कळतं.

तर ॲप कुठलंही असो, आधी एक ठरवून टाका की ह्यातलं कुठलं काम मशीनला द्यायचं आणि कुठलं स्वतःकडे ठेवायचं. शोधाशोध, टायपिंग, वेळेवर आठवण करून देणं हे सगळं खुशाल देऊन टाका. पण न बघता आठवायचं आणि अडकल्यावर डोकं खाजवायचं काम आपलंच, कारण शिकणं जे काही होतं ते तिथेच होतं. खाली जे लिहिलंय ते ह्या एकाच गोष्टीभोवती आहे.

व्हिडिओपासून सुरू करू. अख्खा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ एका दमात बघू नका. एडएक्स ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसचा डेटा २०१४ मध्ये तपासला गेला होता, त्यात व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत असं दिसलं, त्यामुळे आपण काही जगावेगळे आळशी नाही. पाच-सहा मिनिटं बघा, पॉज करा, स्क्रीन बंद करा (नुसतं पॉज नाही, बंद, कारण पॉज केलेल्या फ्रेमवर अर्धं उत्तर लिहिलेलं असतं), आणि आत्ता काय सांगितलं ते कागदावर लिहा किंवा मोठ्याने बोला. पहिल्यांदा अगदी लाज वाटेल इतकं कमी आठवतं. ठीक आहे. मग पुन्हा लावा आणि जे सुटलं तेवढंच बघा.

हे त्रासदायक आहे आणि म्हणूनच लोक करत नाहीत. रोडिगर आणि कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी ते परत वाचले, काहींनी परत न वाचता जे आठवतं ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर उलटं, लिहून काढणारे पुढे. आदल्या रात्रीचं पाठांतर सकाळच्या पेपरापुरतं चालतं आणि नंतर पाटी कोरी, ते ह्यामुळेच.

हाताने करायची गोष्ट असेल, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर वगैरे, तर अजून एक नियम लावा: व्हिडिओतली फाईल वापरू नका, स्वतःची वापरा. स्प्रेडशीटमधला व्हीलुकअपच घ्या, म्हणजे यादीत एखादं नाव शोधून त्याच्यासमोरची माहिती आणून देणारा फॉर्म्युला. व्हिडिओत नावांची यादी एकदम स्वच्छ, अल्फाबेटप्रमाणे लावलेली, फॉर्म्युला टाकला की धडाधड उत्तरं येतात, आपल्याला वाटतं झालं, आलं. मग आपल्या यादीवर तोच फॉर्म्युला टाकतो आणि निम्म्या ठिकाणी एरर. डोळ्यांना नाव तर सेम दिसतंय! अर्धा तास डोकं फोडल्यावर कळतं की काही नावांच्या शेवटी एक स्पेस पडलीये, कुठूनतरी कॉपी केल्यामुळे, आणि कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. दुसरी गंमत म्हणजे फॉर्म्युल्यात शेवटी फॉल्स (FALSE) लिहायचं राहिलं तर तो तंतोतंत नाव न शोधता जवळपासचं काहीतरी उचलतो, यादी क्रमाने लावलेली असेल तर निभावतं, नसेल तर एरर पण न देता बिनधास्त चुकीचं उत्तर देतो. व्हिडिओवाल्याची यादी क्रमाने होती म्हणून त्याचं चाललं. हा अर्धा तास वाया गेला असं वाटतं खरं, पण व्हीलुकअप शिकलो ते त्या अर्ध्या तासात, आधीच्या दहा मिनिटांत फक्त ओळख झाली.

आता चॅटबॉट. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि तेव्हापासून अभ्यास करणं आणि अभ्यास पूर्ण करणं ह्या दोन गोष्टींची पार फारकत झाली. वापरू नका असं मी म्हणणार नाही, त्याला काही अर्थ नाही, सगळे वापरतातच. पण कसं वापरतो त्याने किती फरक पडतो बघा. तुर्कस्तानात एका हायस्कूलच्या जवळजवळ हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला असा की जो थेट उत्तर न देता हिंट देतो, तिसऱ्याला काहीच नाही, फक्त वही-पुस्तक. सराव करताना साध्या चॅटबॉटवाल्यांचे मार्क वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के जास्त आले, हिंटवाल्यांचे तर १२७ टक्के जास्त. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेले, ज्यांना कधीच काही मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे. हिंटवाले साधारण वही-पुस्तकवाल्यांच्या बरोबरीने, म्हणजे हिंट देणाऱ्यानेही परीक्षेत काही वर नेलं नाही, नुकसान तेवढं टळलं. आणि साध्या चॅटबॉटवाल्यांना आपण कमी शिकलोय ह्याचा पत्ताच नव्हता. मला ह्यातलं हे शेवटचं सगळ्यात जास्त खटकतं.

मग करायचं काय, तर आधी स्वतः सोडवायचं, चुकीचं का होईना, आणि आपलं चुकीचं उत्तर घेऊन चॅटबॉटकडे जायचं. समजा गणित आहे की दोन फासे टाकले तर बेरीज ७ यायची शक्यता किती. हेच नुसतं कॉपी-पेस्ट केलं तर एक सुंदर उत्तर येईल, तुम्ही वाचाल, पटेल, आणि विषय संपला. त्याऐवजी असं लिहा: "मी असा विचार केला की बेरीज २ पासून १२ पर्यंत येऊ शकते म्हणजे ११ शक्यता, त्यातली ७ एक, म्हणून उत्तर १/११. उत्तर सांगू नकोस. माझ्या विचारात गडबड कुठे आहे ते मला एकच प्रश्न विचारून दाखव." तो बहुतेक विचारेल की बेरीज २ किती प्रकारे येते आणि ७ किती प्रकारे. इथे थांबा, स्क्रीनवरून नजर काढा आणि मोजा. २ एकाच प्रकारे येते, दोन्ही फाशांवर १. ७ मात्र सहा प्रकारे. एकूण जोड्या ३६, म्हणजे ६/३६, १/६. आता पुढच्या वेळी तीन नाणी दिली तरी सगळ्या शक्यता सारख्या वजनाच्या असतीलच असं धरून चालायचं नाही हे लक्षात राहील, कारण चूक तुमच्या हातून झाली होती आणि दुरुस्त पण तुम्हीच केलीत.

कधीकधी तो आगाऊपणा करून प्रश्नासोबत उत्तर पण देऊन टाकतो. सरळ झापा आणि नवीन चॅट उघडा. आणि तो छातीठोकपणे चुकीचं पण सांगतो हे विसरू नका, विशेषतः सनावळ्या, संदर्भ, आकडेमोड. उत्तर उलटं घालून तपासता येत असेल तर तपासा, नसेल तर पुस्तकात बघा. मला एक उपयोग मात्र फार आवडतो, तो म्हणजे त्याला विद्यार्थी बनवायचं. "मी तुला हा टॉपिक शिकवतो, तू नवखा आहेस, जिथे मी गुळमुळीत बोलेन तिथे मला अडव." लोक इथे दोन मिनिटांत उघडे पडतात.

लक्षात ठेवायच्या गोष्टींसाठी, म्हणजे शब्द, सूत्रं, व्याख्या, फ्लॅशकार्डचं, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेल्या कार्डांचं, ॲप घ्या. एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर गळतं आणि मग हळूहळू, त्यामुळे वाढत्या अंतराने उजळणी केली की कमी कष्टात टिकतं. आधी लोक त्यासाठी कार्डांचे डबे करायचे, २००६ पासून अंकी (Anki) नावाचं ॲप आहे, तारखांचा हिशोब तेच ठेवतं. दोन गोष्टी सांभाळा. कार्डं स्वतः बनवा, दुसऱ्याचा तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) डाउनलोड केला तर बनवतानाचा जो विचार असतो तोच गेला. आणि रोज नवीन कार्डं कमी ठेवा. ॲपमध्ये सुरुवातीला रोजची २० ठरलेली असतात, जोशात आपण तेवढी ठेवतो, काही आठवड्यांत रोजची उजळणीच शंभरी पार करते आणि मग एक दिवस चुकला की ॲप उघडायची भीती वाटायला लागते. पाच-सात पुरे.

फोनचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. इथे इच्छाशक्तीवर भरवसा ठेवू नका, समोर ती स्क्रीन बनवणारे पगारी लोक बसलेत. ग्लोरिया मार्क ह्या संशोधिका लोक एका स्क्रीनवर किती वेळ लक्ष देतात ते मोजत आल्यात, २००४ च्या आसपास सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडच्या मोजमापांत ४७ सेकंदांच्या आसपास. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. २०१७ च्या एका अभ्यासात फोन टेबलवर सायलेंट असला तरी दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांपेक्षा कामगिरी कमी दिसली होती, नंतरच्या काही अभ्यासांत तो परिणाम इतका स्पष्ट आला नाही, पण फोन बाहेर ठेवण्यात आपलं जातंय काय. शिकायचं फोनवरूनच असेल तर ऑटोप्ले बंद, नोटिफिकेशन बंद, आणि काय बघायचं ते फोन हातात घेण्याआधी कागदावर लिहा. बाकी काही नाही केलं तरी हे शेवटचं करा, खूप फरक पडतो.

ऑनलाइन कोर्सबद्दल थोडक्यात. हार्वर्ड आणि एमआयटीच्या फुकट कोर्सेसमध्ये २०१७-१८ ला नाव घालणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी पूर्ण केले होते. तेव्हा तुमचा अर्धवट पडलाय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण नाव घालण्याआधी ह्यातून मला नेमकं काय करता यायला हवंय ते एका वाक्यात लिहा आणि तेवढेच धडे करा.

आणि शिकवणारे असाल, किंवा घरात शाळेतली मुलं असतील तर, पूर्ण केलेला होमवर्क आता पुरावा राहिला नाही हे एकदाचं मान्य करून टाका. एआय पकडणाऱ्या टूल्सच्या नादी लागू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असलं टूल जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं, आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध पण ही टूल्स सर्रास एआयचे ठरवतात. म्हणजे साधंसोपं लिहिणारं प्रामाणिक मूल चोर ठरणार. त्यापेक्षा वही बाजूला ठेवून दोन मिनिटं बोला. "ही पायरी का घेतलीस? हा आकडा दुप्पट केला तर उत्तराचं काय होईल?" ज्याने स्वतः केलंय तो अडखळत का होईना सांगतो, आणि ज्याने उतरवलंय त्याला पण ओरडू नका, तिथेच बसवून तेच गणित आकडे बदलून द्या, फोन आणि लॅपटॉप मिटून. वर्गात चाळीस मुलं असतील तर रोज सगळ्यांना विचारणं शक्य नाही हे कबूल, रोज चार जणांना विचारा, पण कोणाला ते आधी सांगू नका.