ताणकाट्याने घर्षणबल कसं मोजायचं

सामान साधंच: 10 न्यूटनपर्यंतचा ताणकाटा, हूक बसवलेला 300 ग्रॅमचा लाकडी ठोकळा, मीटरभर लांब सपाट फळी, दोरा आणि अर्ध्या किलोचे दोन साखरेचे पुडे. काट्यावर फक्त ग्रॅम असतील तर 100 ग्रॅम म्हणजे जवळपास 1 न्यूटन धरा.

आधी ठोकळा आणि पुडा वेगवेगळे टांगून वजन करा. ठोकळा साधारण 2.9 न्यूटन, पुडा 4.9 न्यूटन भरेल. सगळं एकदम टांगलं तर काट्याची मर्यादा ओलांडते. मग काटा आडवा धरून शून्य तपासा. उभ्या काट्यात हुकाचं वजनही स्प्रिंगला ताणतं, आडव्यात नाही. त्यामुळे शून्य सरकतं. स्क्रूने ते जागेवर आणा.

आता ठोकळ्यावर एक पुडा ठेवून हळूहळू ओढा. काटा 1 न्यूटन दाखवतो, मग दीड, तरी ठोकळा जागचा हलत नाही. तुम्ही जेवढं ओढाल तेवढंच घर्षण उलट दिशेला वाढतं. ठोकळा सुटतानाचा सर्वांत मोठा आकडा टिपा: हे स्थितिक घर्षणबलाचं कमाल मूल्य. सुटल्यावर काटा थोडा मागे येतो. झटका दिलात तर हा आकडा हाती लागत नाही.

खरी अडचण गतिक घर्षणाची, म्हणजे ठोकळा सरकत असतानाच्या घर्षणाची. काट्यावरचा आकडा घर्षणाएवढा असतो तो बलं संतुलित असतील तरच, म्हणजे ठोकळा एकसमान वेगाने सरकत असेल तरच. हाताने असा वेग राखणं कठीण, काटा थरथरत राहतो. म्हणून उलटं करा. काटा टेबलाच्या कडेला पक्का बांधा, ठोकळा त्याला अडकवा आणि खालची फळी ओढा. ठोकळा जागीच राहतो, म्हणून बलं संतुलितच असतात. फळीचा वेग थोडा कमी-जास्त झाला तरी चालतो. फळी आणि टेबल यांच्यातलं घर्षण काट्यावर येत नाही, ते फक्त तुमच्या हाताला जाणवतं.

दोरा फळीला समांतर हवा. तो वर तिरका गेला की ठोकळा किंचित उचलला जातो आणि आकडा कमी येतो. चुका बहुतेक इथेच होतात.

नुसता ठोकळा, एक पुडा, दोन पुडे असे आकडे घ्या आणि प्रत्येकाला एकूण वजनाने भागा. हे उत्तर म्हणजे घर्षणाचा गुणांक. लाकडावर लाकूड असेल तर तो साधारण 0.2 ते 0.5 येतो आणि तिन्ही वेळा जवळपास तेच. मग ठोकळा अरुंद बाजूवर उभा करा. क्षेत्रफळ घटलं तरी घर्षण तेवढंच! फ्रान्सच्या आमोंतों या शास्त्रज्ञाने 1699 मध्ये हेच मांडलं, तेव्हाही लोकांना पटायला जड गेलं. आकडा फारच वेगळा आला तर ती बाजू खडबडीत आहे का पाहा.

ताणकाटा नसेल तर फळीचं एक टोक सावकाश उचला. ठोकळा सुटतो त्या क्षणी टोकाची उंची मोजा आणि तिला आडव्या अंतराने भागा. पाया 90 सेंमी, उंची 36 सेंमी असेल तर स्थितिक घर्षणाचा गुणांक 0.4.