भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचे प्रशिक्षण: आधी अंदाज, मग प्रयोग

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. तेव्हा तालुक्यातील नववी-दहावीच्या विज्ञान शिक्षकांचे प्रशिक्षण शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, सकाळच्या वेळी ठेवावे. प्रोजेक्टर लागेल असे काहीही योजू नये, कारण वीज गेली की प्रशिक्षणाचे पुन्हा व्याख्यान होते.

शिक्षकांना विद्यार्थी म्हणून बसवावे. चौघांच्या गटाला 1.5 व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा तारेचा जुना बल्ब (एलईडी नव्हे) आणि वीतभर तार एवढेच द्यावे. होल्डर मुद्दाम देऊ नये. बल्ब लावण्यापूर्वी प्रत्येकाने जोडणीची आकृती वहीत काढावी. बी.एस्सी., बी.एड. झालेल्यांच्या वहीतही सेलची दोन्ही टोके बल्बच्या बुडालाच जोडलेली मला अनेकदा दिसली आहेत. बल्बचे दुसरे टोक त्याच्या धातूच्या कडेवर असते, ही गोष्ट होल्डरने इतकी वर्षे झाकून ठेवलेली असते. बल्बचे बूड सेलच्या बोंडावर टेकवून, सेलच्या तळापासून आणलेली तार त्या कडेला लावली की तो लागतो. तार सेलच्या दोन्ही टोकांना थेट लावल्यास चटका बसतो, एवढी सूचना मात्र आधीच द्यावी.

पुढचा प्रश्न फळ्यावर लिहावा: दोन सारखे बल्ब एकसरीत जोडले, तर अधिक प्रकाश कोणाचा? हात वर करून मत घ्यावे, वेगळे मत असलेल्या शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालू द्यावा, पुन्हा मत घ्यावे आणि मगच जोडणी करावी. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत साठ मुलांच्या वर्गातही चालते. ‘पहिला बल्ब थोडी धारा खातो’ असे कोणी म्हटले, तर प्रशिक्षकाने खोडून काढू नये. गप्प राहणे हेच त्याचे सर्वांत अवघड काम आहे. दोन्ही बल्ब सारखेच मंद लागलेले पाहिल्यावर तो शिक्षक स्वतःच कारण शोधू लागतो.

दोलकासाठी दोरा आणि नट पुरे: 25 सेंमी लांबीला दहा आंदोलने सुमारे 10 सेकंदांत होतात, एक मीटरला सुमारे 20. लांबी चौपट, वेळ मात्र दुप्पट. याचाही अंदाज आधी घ्यावा.

तीन आठवड्यांनी प्रत्येकाच्या वर्गात जाऊन, प्रश्न विचारल्यावर शिक्षक स्वतः उत्तर देईपर्यंत किती वेळ थांबतो, एवढेच टिपावे. साठ मुलांना पंधरा संच लागतात. पेटीत सेल वेगळ्या पिशवीत ठेवावेत, नाहीतर तारांना लागून ते पुढच्या तासाआधीच संपतात.