काळवंडलेल्या किनाऱ्याचे प्रिंट

लहानपणीच्या आठवणीतली पहाट, म्हणजे ओहोटीनंतरची ओली वाळू, वर ओढून ठेवलेल्या होड्या आणि मागचे धूसर गाव, माझ्या छायाचित्रात संगणकाच्या पडद्यावर जशी दिसत होती तशी छापताना कागदावर उतरेना. होड्यांच्या सावल्या नुसत्या काळ्या ठिपक्यांसारख्या छापल्या जात होत्या. दोष मी आधी प्रिंटरला दिला, पण ते चुकीचे होते. मॉनिटरची प्रखरता फार जास्त असल्यामुळे संपादन करताना छायाचित्र मुळातच अधिक गडद ठेवले जात होते. कॅलिब्रेटर (पडद्याचा उजेड आणि रंग मोजून जुळवणारे उपकरण) लावून ती प्रखरता सुमारे १०० कँडेला प्रति चौरस मीटरवर (कँडेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) आणली, निवडलेल्या मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल) बसवले आणि सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे प्रिंट कसा दिसेल याच्या पडद्यावरच्या नमुन्यात, सावल्या थोड्या उजळल्या, कारण मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका गडद उतरत नाही. (चकचकीत कागद मला या विषयासाठी रुचतच नाही, ओल्या वाळूची मूळची चमक त्यावर खोटी वाटते.) ए३ आकारासाठी ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात, ते होतेच. आधी होड्यांच्या भागाची अरुंद चाचणी-पट्टी छापली, शाई पूर्ण वाळू दिली आणि दिवसाच्या उजेडात पाहिली. तिसऱ्या पट्टीत होडीच्या फळ्यांमधल्या फटी दिसू लागल्या.