जंगलात, वावरात रात्र काढायला जाता तं चाकू कोणता घ्यावा

दिवाळी आटोपली, धान कापून झाला, थंडी पडली की पोट्ट्यायचे मेसेज सुरू होतात, चला एक रात्र बाहेर काढू, तलावाच्या काठावर नाहीतर कोणाच्या वावरात. तंबू, टॉर्च, ब्लँकेट, सतरंजी याची यादी सगळेच करतात. चाकूचं मात्र ऐनवेळी आठवते, मंग एकजण घरातला भाजीचा चाकू पेपरात गुंडाळून आणते अन् दुसरा ऑनलाइन मागवलेला हातभर लांब काळा सुरा, पाठीवर करवतीचे दात, मुठीत कंपास, सगळं हाय पण कांदा कापता येत नाही. म्हणून ही तयारी, बॅग भरायच्या आधीची.

पहिले जागा ठरवा, चाकू नंतर. आपल्या विदर्भात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा अन् बोर असे पाच व्याघ्र प्रकल्प आहेत, म्हणजे जंगल म्हटलं की चारपैकी दोन रस्ते तिकडेच जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे त्यात चाकूपण लिहिला आहे, अन् कलम ३१ सांगते की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र न्यायचं नाही. तेव्हा सफारीला जाताना चाकू घरी. "अहो साहेब, टमाटर कापायला आणला" हे गेटवर सांगायची पाळीच काऊन आणायची. आग लावायलाही तिथं मनाई आहे, अन् राखीव जंगलात लाकूड तोडणं, इस्तो पेटवणं हे १९२७ च्या वन कायद्यात गुन्हाच आहे. म्हणून हे सगळं जे खाली लिहितो ते स्वतःच्या किंवा ओळखीच्या वावरासाठी, अन् जिथं मुक्कामाची रीतसर परवानगी भेटते अशा कॅम्प साइटसाठी. तिथंही बुकिंग करताना फोनवर विचारून घ्या की दादा चाकू चालते का, शेकोटी चालते का.

दुसरी कायद्याचीच गोष्ट, लांबीची. शस्त्र कायद्याच्या नियमात ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्राच्या यादीत येतात, घरकामाची अन् शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण कोयता शेतीचा आहे हे वावरात ठीक, रात्री बारा वाजता बाइकवर नाकाबंदीत तेच समजावत बसणं वेगळं. त्यात सणासुदीला, निवडणुकीच्या टायमाला पोलिसांचा मनाई आदेश राहते, तेव्हा हातात, कमरेला काहीच दिसू देऊ नका. अन् बटण दाबलं की खटकन उघडते तो खटका चाकू तं घेऊच नका, तो कामाचाही नाही अन् विनाकारण नजरेत येते.

आता खरा प्रश्न, त्याच्याकडून काम काय करून घ्यायचं. एका रात्रीचा हिशोब मनातल्या मनात करून पाहा. वांगे चिरायचे, कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. दोरी कापायची. तंबूच्या खुंटीला टोक काढायचं. शेकोटी पेटवायला लाकडाच्या बारीक चिरफळ्या काढायच्या. एखादा बांबू फोडायचा. पाकीट फाडायचं. झालं, याच्यापलीकडे काही नाही. अर्ध्यापेक्षा जास्त काम स्वयंपाकाचं आहे, अन् सरपण म्हणाल तं पऱ्हाट्या अन् तुराट्या हातानंच मोडतात, त्याला कशाला पाहिजे सुरा. मोठं लाकूड फोडायचं असलंच तं कुऱ्हाड घ्या, ती ज्याच्या वावरात जाता त्याच्याकडं राहतेच. चाकूकडून कुऱ्हाडीचं काम करवून घ्यायच्या नादातच लोक मोठे मोठे सुरे घेतात अन् मंग ते कोणत्याच कामाचे राहत नाहीत.

म्हणून पातं ४ ते ५ इंच, बस. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास, फार तं ४. दुकानदार ५-६ मिलिमीटरचा दाखवते अन् टेबलावर ठोकून म्हणते पाहा किती मजबूत, पण एवढं जाड पातं वांग्यात गेलं की वांगं कापल्या जात नाही, फाटते. आकार साधा, पाठ टोकाकडे हळूच खाली उतरलेली, ज्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. पाठीवरचे दात नको, त्यानं लाकूड कापल्या जात नाही अन् बांबू फोडताना पाठीवर सोटा मारायची सोय जाते. पाठ सपाट अन् कडा चौकोनी असल्या तं फायरस्टीलवर, म्हणजे आग पेटवायच्या सळईवर, घासून ठिणग्या पाडता येतात, हौस असंल तं. मी म्हणतो दोन लायटर घ्या, एक प्लास्टिकच्या पन्नीत.

मूठ अन् पातं जोडते कसं हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीनं गेलेलं असलं की त्याला फुल टँग म्हणतात, मुठीच्या कडेनं लोखंडाची पट्टी दिसते, त्यावर दोन्हीकडून लाकडाच्या फळ्या अन् रिबिटा. बांबू फोडताना पाठीवर मारता तेव्हा सगळा जोर या जोडावर येते, तिथंच स्वस्तातले चाकू तुटतात. पोकळ मूठ अन् आत सुई-दोरा, माचिस ठेवायची जागा असलेला तर हातातही घेऊ नका, त्यात लोखंड मुठीत जाऊच शकत नाही. फुल टँगच्या नियमाला एक अपवाद आहे, स्वीडनच्या मोरा नावाच्या कंपनीचे साधे चाकू, प्लास्टिकची मूठ, लोखंड आत शेवटापर्यंत न गेलेलं, तरी जगभर लोक वापरतात कारण बनवणं चोख आहे अन् वजनाला काहीच नाही. त्यांचाच गार्बर्ग नावाचा फुल टँगवाला आहे, १०९ मिलिमीटर पातं, ३.२ जाडी. तो महाग पडते, एका रात्रीसाठी तेवढा खर्च करायची गरज मला तरी वाटत नाही.

लोखंड कोणतं यावर मात्र थोडं बसून विचार करा, इथंच आपल्या हवामानाचा संबंध येते. दोन जाती धरून चाला, कार्बन स्टील अन् स्टेनलेस. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर राहते म्हणून तो लवकर गंजत नाही. कार्बनचा चाकू दगडावर पटकन धार घेते, पण टमाटर-लिंबू कापून तसाच ठेवला की सकाळी काळा-तांबूस डाग. पावसाळ्यात गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या ओलाव्यात तं तो नुसता बॅगेत ठेवला तरी गंज धरते. तुम्ही पुसणारे, तेल लावणारे असाल तं कार्बन घ्या. भांडे सकाळपर्यंत तसेच पडून राहतात अशी तुमची टोळी असंल तं डोळे मिटून स्टेनलेस, त्यावर १२सी२७ किंवा १४सी२८एन असं स्टेनलेसच्या जातीचं नाव लिहिलं असलं तं उत्तम. डी२ नावाचं लोखंड हल्ली खूप दिसते, धार लय दिवस टिकते, पण एकदा बोथट झाला की साध्या दगडावर जीव जाते. अन् पात्यावर नुसतं "सर्जिकल स्टील" लिहून जात सांगितली नसंल तं समजून घ्या की सांगण्यासारखं काही नाही.

विकतचा नको असंल तं गावातल्या नाहीतर बाजाराच्या गावच्या लोहारदादाकडून करून घ्या, माझं मत विचाराल तं पहिले तिथंच जा. ट्रकच्या कमानीचा पाटा हे चाकूसाठी चांगलं लोखंड आहे, त्यात कार्बन पुरेसा राहते अन् लवचिकपणा तं त्याचा धंदाच आहे. फक्त जुना पाटा घेताना तडा पाहून घ्या, भंगारातल्या पाट्यानं वर्षानुवर्षं ओझं झेललेलं राहते. बांधकामाच्या सळाखीचा करू नका, त्यात कार्बन कमी, त्याला पाणी, म्हणजे तापवून विझवल्यावर येते तो कडकपणा, बसतच नाही. दादाला आधीच सांगा की कोयत्यासारखा जाड नको, ४ इंचाचं पातं, पातळ धार, अन् कागदावर चित्र काढून न्या, पुठ्ठा कापून नेला तं अजून बरं. लाल झालेलं लोखंड लोहचुंबकाला चिकटणं बंद झालं (साधारण ७७० अंशाला होते ते) की त्याच्या थोडं वर नेऊन तेलात विझवायचं, पाण्यात विझवलं तं पाट्याच्या लोखंडाला तडा जायची भीती राहते. मंग परत हलकं तापवून फिकट पिवळा रंग आणायचा, नाहीतर पातं काचेवाणी तडकते. हे दादाला तुमच्यापेक्षा जास्त समजते, तुम्ही फक्त घाई करू नका अन् पैशात घासाघीस करू नका. चाकू हातात आला की बारीक कानस धारेवर हळूच फिरवून पाहा, सहज खोल रुतत गेली तं पाणी बसलेलं नाही, परत द्या. मुठीला धावड्याचं नाहीतर शिसमाचं वाळलेलं लाकूड, सागाचं चालते पण हाताला हलकं लागते.

मुठीला जवसाचं तेल लावा, दोन-तीन हात, प्रत्येक वेळी वाळू देऊन. ते वाळून पक्कं बसते म्हणून लाकडाला चांगलं अन् त्याच कारणानं पात्याला वाईट, चिकट थर होते, पात्याला खोबरेल लावा, जेवणाच्या कामाचा चाकू आहे. अन् जवसाच्या तेलानं भिजलेला फडका गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवा मंग फेका.

म्यान पाहिल्याशिवाय चाकू पसंत करू नका. उलटा धरून झटका द्या, पडला तं नको. चामड्याचं छान दिसते पण पाणी धरते, पावसाळ्यात बुरशी येते अन् आतल्या आत पातं गंजते, तेव्हा घरी चाकू म्यानाबाहेर ठेवा. प्लास्टिकचं दिसायला भिकार पण कामाचं.

धार निघायच्या दोन दिवस आधी लावून ठेवा. दोन बाजूंचा दगड पुरते, एक बाजू ४०० नंबरच्या आसपास म्हणजे खरबरीत, दुसरी १००० म्हणजे बारीक, पाण्यानं ओला करायचा अन् पातं साधारण २० अंशात धरून दोन्हीकडून सारखं घासायचं, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढायचं. टमाटरवर नुसता ठेवून ओढला अन् साल कापल्या गेली तं झालं. बाजारातल्या ग्राइंडरवाल्याकडे देणार असाल तं उभं राहून पाहा, धारेवर निळा रंग चढला की तेवढ्या जागचं पाणी उतरलं म्हणून समजा. अन् बांबूनं धार लवकर जाते हे ध्यानात ठेवून दगडाचा लहान तुकडा सोबत घ्या.

वापरायचं कोणी हे आधीच ठरवा. ज्याची मैफिल रंगली त्याच्या हातात चाकू नाही, इथं चर्चा नको. बसून खुंटी तासताना कोपर गुडघ्यावर अन् पातं अंगापासून लांब, दोन मांड्यांच्या मधात कधीच नाही, तिथं मोठी रक्तवाहिनी राहते. दुसऱ्याला देताना खाली ठेवा, त्यानं उचलावा. बॅगेत गॉजपट्टी, चिकटपट्टी, स्वच्छ दुपट्टा ठेवा, कापलं तं दाबून धरा, हात वर धरा, अन् धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते निघायच्या आधी आठवा.

अन् एक काम चाकूनं करायचंच नाही. साप चावला तं जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. घोणस असो, मण्यार असो, औषध दवाखान्यातच आहे. माणसाला हलू देऊ नका, अंगठी-कडं काढून घ्या अन् गाडी काढा. म्हणून जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, रस्ता कसा, तिथं सापाचं इंजेक्शन राहते का हे चाकूसोबतच यादीत लिहा. त्या जागी रेंज येते का हेही.

निघताना चाकू म्यानात, म्यान फडक्यात, फडका बॅगेच्या तळाशी भांड्यांच्या मधात. एसटीत बॅग वर ठेवली तं टोक कोणाच्या डोक्याकडं नको. विमानानं कोणी येणार असंल तं त्याचा चाकू चेक-इनच्या सामानात, हातातल्या बॅगेत सापडला तं तिथंच राहते.