पवनी ते गोसीखुर्द: वैनगंगेकाठी सायकलवर एक निवांत दिवस

युरोपात डॅन्यूबच्या काठाने, जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, लोक आठवडाभर रमतगमत सायकल चालवतात. ती वाट सपाट आहे, कारण जुन्या काळी घोडे ज्या वाटेने प्रवाहाविरुद्ध नावा ओढायचे, तिच्यावरच तिचे बरेच तुकडे आहेत. आपल्या वैनगंगेला तशी वाट नाही. आपल्याकडे पांधणी, म्हणजे शेतातून जाणाऱ्या कच्च्या वाटा आहेत, कालव्याच्या कडेचे रस्ते आहेत आणि गावांना जोडणारं डांबर आहे. तेवढ्यावर फार सुंदर दिवस जमतो. फक्त काट्याचा आणि उन्हाचा बंदोबस्त आधी करायचा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच जा. धान निघालेलं असतं, धुरे, म्हणजे शेताचे बांध, कोरडे असतात. उभ्या धानातच ओलीवर फेकलेली लाखोळी (लाखेची डाळ) डिसेंबर-जानेवारीत फुलावर येते आणि रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, नखाएवढी निळी फुलं दिसू लागतात. त्यासाठी तरी थांबा. पावसाळ्यात मात्र हा बेत नको. काळी माती ओली झाली की फुगते, टायरला चिकटते आणि दहा-वीस पावलांत मडगार्ड गच्च भरून चाक जाम होतं. तशी सायकल ओढत नेली तर मडगार्डची काडी तुटते. अवकाळी पाऊस आला तरी पांधण दोन दिवस सोडा, डांबरानेच जा.

पल्ला येऊन-जाऊन 25-30 किलोमीटरच्या वर ठेवू नका. ताशी 12 चा वेग धरला तर दोन-अडीच तास पायडल, बाकी दिवस बसायला. सुरुवात भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या घाटांवरून करा. गावात किल्ल्याचा जुना दरवाजा आहे, आणि जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. हे सकाळीच पाहून घ्या, परतताना पाय थकलेले असतात. मग उत्तरेकडे, गोसीखुर्द धरणाच्या दिशेने निघा. धरण तास-सव्वातासावर आहे. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो. ताज्या पायांनी त्याच्या तोंडावर जायचं आणि परतताना तो पाठीशी घ्यायचा, म्हणून दिशा हीच.

निघायचं ते नीट उजाडल्यावर. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य या भागाला लागून आहे आणि वाघ शेतशिवारातही येतो. जंगलाच्या कडेची पांधण धरण्याआधी गावात विचारा: "इकडे वाघाचं फिरणं आहे का?" ज्याची गुरं रोज चरायला जातात त्याला पक्कं माहीत असतं. तो नको म्हणाला तर जाऊ नका. एकट्याने जाऊ नका, कानात इअरफोन नको. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेचारच्या आत पवनीत परत या.

साधी सायकलही चालते. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की टोंगळा (गुडघा) सरळ झाला पाहिजे, तेवढी सीट वर करा. सीट खाली राहिली की 10 किलोमीटरनंतर टोंगळा दुखतो. सामान पाठीवर नको, कॅरियरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळा. 38 मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये डांबरासाठी 60 पीएसआय हवा ठीक, पांधणीवर 45. टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेबाहेर मात्र जायचं नाही. फार कमी हवेत दगडावर ट्यूब चिमटते आणि सापाच्या दाताची खूण असावी तशी दोन भोकं पडतात.

खरा त्रास काट्याचा. कालव्याची वाट जवळपास समपातळीत असते, कारण पाणी अगदी हलक्या उतारावर वाहत ठेवलेलं असतं. चालवायला तिच्यासारखी वाट नाही. पण दोन्ही कडांना बाभूळ असते आणि छाटलेल्या फांद्या वाटेवरच पडतात. चाकोरीच्या मधोमध चालवा, गवतात शिरू नका, तिथे काटेरी गोखरू असतो. सोबत दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर, दोन टायर लिव्हर आणि पंप हवाच.

पंक्चर झालं तर चाक काढून टायरची एकच बाजू रिमबाहेर घ्या. ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळ फिरवा, भोक सापडतं. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासा, सोल्युशनचा पातळ थर लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकट लागावं, ओलं नाही. मगच पॅच दाबून बसवा. पॅच सुटतो तो इथल्या घाईमुळे. मग टायरच्या आतून बोटं हळू फिरवून काटा शोधा आणि बाहेर काढा. हे राहिलं तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते, कारण बाभळीचा काटा मोडून टोक रबरातच राहतं.

पाणी माणशी तीन लिटर न्या. एका लिटरला साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घाला, चमचा चहाचाच. दुपट्टा डोक्याला बांधा, मानही झाका. सकाळी तर्री-पोहे, दुपारी डब्यातली भाकर आणि झुणका.

नदीजवळच्या रस्त्यावर रेतीचे टिप्पर भरधाव येतात. टिप्परचा आवाज आला की खाली उतरून उभे राहा, कारण चालकाला धुळीत सायकल दिसत नाही. पात्रात उतरू नका. रेती काढलेल्या जागी वरून उथळ दिसणारं पाणी एका पावलात डोक्यावर जातं. गोसीखुर्दला 33 दरवाजे आहेत आणि पवनी धरणाच्या खालच्या अंगाला आहे. वरून पाणी सोडलं की पात्र भराभर भरतं, तेव्हा भोंगा वाजला तर आधी काठ गाठा, सायकल मागाहून. धरणावर फोटो काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा.

घरी आल्यावर सायकल लगेच उभी करू नका. दोन्ही चाकं उजेडात हळू फिरवून पाहा. रबरात काळा ठिपका दिसला तर सुईने उकरा. टायरमध्ये अडकलेला काटा हवा एकदम सोडत नाही, सकाळी चाक बसलेलं दिसतं.