फिश ऑइलची बाटली घ्यायच्या आधी काय बघायचं, किती घ्यायचं आणि कोणी लांबच राहायचं

ऑफिसात कुणाचा तरी लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट येतो, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, जरा वर असतात, लगेच कोणीतरी सांगतं की अरे ओमेगा थ्री सुरू कर, आणि संध्याकाळी फिश ऑइलची बाटली घरी येते. जिमवाले वेगळंच सांगतात, केस गळणारे वेगळंच. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय, घाई न करता वाचा.

आधी ठरवा, कशासाठी घेताय

ही पायरी लोक सोडतात आणि खरं तर हीच महत्त्वाची आहे. माशाच्या तेलात कामाची चरबी दोन प्रकारची, ईपीए आणि डीएचए, दोन्ही ओमेगा थ्रीचेच प्रकार. यांचा सगळ्यात पक्का उपयोग म्हणजे वाढलेले ट्रायग्लिसराइड खाली आणणं, पण त्यासाठी डोस लागतो दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास, तोही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाच्या स्वरूपात, आणि मग साधारण २० ते ३० टक्के घट होते. दुकानातल्या एका गोळीने हे होत नाही.

दुसरा उपयोग संधिवाताचा, म्हणजे आमवात, ज्याला रूमॅटॉइड म्हणतात तो. त्यात सकाळचा आखडलेपणा थोडा कमी होतो, पण तिथेही रोज अडीच-तीन ग्रॅम ईपीए-डीएचए काही महिने घ्यावं लागतं आणि मूळ औषधं चालूच ठेवायची असतात. गरोदरपणात डीएचए उपयोगी आहे, वेळेआधी बाळंतपण होण्याचं प्रमाण त्याने कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय, पण कोणतं आणि किती ते तुमच्या गायनॅककडून ठरवून घ्या.

आता हार्ट. १९९९ साली इटलीत एक मोठा अभ्यास आला, हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना रोज एक ग्रॅमच्या आसपास दिलं तर मृत्यू कमी झाले, आणि तिथून या बाटल्यांना जोर आला. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या अभ्यासात जवळपास २६ हजार धडधाकट माणसांना रोज १ ग्रॅमची कॅप्सूल दिली, हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं एकत्र मोजलं तर ठोस फरक पडला नाही. त्याच वर्षी डायबेटिस असलेल्या १५ हजारांवर लोकांचा असेंड अभ्यास आला, तिथेही तेच. डोळ्यांच्या कोरडेपणासाठी रोज ३ ग्रॅम देऊन बघितलं, ऑलिव्ह ऑइल घेतलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल, त्रास काही नाही, फक्त "हार्टला चांगलं असतं" म्हणून घेत असाल तर माझ्या मते ते पैसे मासळीबाजारात घालवा.

ताटात किती येतंय ते बघा

आठवड्यातून दोनदा मासे खा असा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला आहे, त्यातही तेलकट मासे. आपल्याकडे तेलकट म्हणजे बांगडा आणि तारली, आणि गंमत म्हणजे हेच स्वस्त. पापलेटला भाव मोठा पण ओमेगा थ्रीच्या हिशोबात बांगडा त्याच्या पुढे. बोंबील चवीला कितीही भारी असला तरी त्यात चरबी फार कमी. तारलीतलं तेल हंगामानुसार खूप कमी-जास्त होतं, पावसाळ्यानंतर ती चांगली भरलेली असते. शंभर ग्रॅम तेलकट माशात अर्धा ते एक ग्रॅम, कधी त्याहून जास्त ईपीए-डीएचए मिळतं, म्हणजे साध्या दोन-तीन कॅप्सूलचं काम एका तुकडीत, वर प्रोटीन मिळतं ते वेगळंच. फक्त दरवेळी रवा लावून कढईभर तेलात तळू नका, कालवण किंवा तिखलं करा.

शाकाहारी असाल तर जवस, अक्रोड खा, पण जवसातलं ओमेगा थ्री वेगळं असतं आणि शरीर त्यातलं फार थोडंच ईपीए-डीएचएमध्ये बदलतं. जवसाची चटणी छानच, पण डीएचएच हवं असेल तर शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, कॅप्सूलचं कव्हर जिलेटिनचं नाही ना तेवढं बघा आणि हिरवा ठिपका शोधा. आणि श्रावण पाळणाऱ्यांसाठी, मासे बंद करून फिश ऑइल चालू ठेवणारे मी पाहिलेत, तर बाबांनो ते माशाचंच आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल तर महिनाभर बंद ठेवलंत तरी काही बिघडत नाही.

बाटली उलटी करा

पुढे मोठ्या अक्षरात १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं. ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२० असं असतं, म्हणजे कामाचं फक्त ३००, बाकीची इतर चरबी. तुम्हाला हा मागचा आकडा बघायचाय. आणि तो एका कॅप्सूलचा आहे की दोन कॅप्सूलचा तेही वाचा, कारण कधी कधी "प्रति सर्व्हिंग" लिहून सर्व्हिंग दोनची ठेवलेली असते. मग हिशोब करा. समजा ६० कॅप्सूलची बाटली ६०० रुपयांना आणि प्रत्येकीत ३००, तर एकूण १८ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ३३ रुपये. दुसरी ९०० ची पण प्रत्येकीत ६००, तर ३६ ग्रॅम, ग्रॅमला २५. महागडी दिसणारीच स्वस्त निघाली.

एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आणि एक्सपायरी बघा, ईपीए-डीएचए वेगवेगळे लिहिलेच नसतील तर ठेवून द्या.

कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी वस्तू आहे हे लक्षात ठेवा. ते कॉड माशाच्या यकृताचं तेल, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी असतं. लहानपणी पिवळी गोळी दिली जायची ती हीच. ओमेगा थ्री वाढवायचं म्हणून याच्या चार-पाच गोळ्या घेतल्या तर व्हिटॅमिन ए उगाच जास्त जातं, आणि गरोदर बायकांनी हे घेऊच नये, जास्त व्हिटॅमिन ए बाळाला घातक असतं. मुलांना आधीच मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वर देऊ नका.

घ्यायचं कसं

जेवणाबरोबर, आणि त्या जेवणात थोडं तूप-तेल असू दे, रिकाम्या पोटी किंवा नुसत्या चहाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही. माशाच्या वासाचे ढेकर येत असतील तर रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या किंवा डोस दोनदा विभागून घ्या. पोट बिघडलं तर कमी करा.

बाटली गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर ठेवू नका, मे महिन्यात गाडीत तर नाहीच. तेल उष्णतेने, उजेडाने आणि हवेने खवट होतं, जसं जुनं शेंगदाण्याचं कूट होतं तसं. महिन्यातून एकदा एक कॅप्सूल फोडून वास घ्या, माशाचा हलका वास चालेल, पण जुन्या रंगासारखा, घशाला खवखवणारा वास आला तर फेकून द्या. फ्रिजमध्ये ठेवल्यावर तेल गढूळ झालं तर घाबरू नका, ते नॉर्मल आहे.

व्हॉट्सॅपवर थर्माकोल विरघळवून दाखवायचे व्हिडिओ फिरतात, "बघा नकली तेल" म्हणून. काही तेलं इथाइल एस्टर या रासायनिक स्वरूपात असतात आणि ती थर्माकोल विरघळवतात, यावरून तेल खोटं किंवा विषारी ठरत नाही.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायचं

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अगदी रोजची अ‍ॅस्पिरिनसुद्धा, तर आधी विचारा. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला सांगा, लोक हे "औषध नाही, सप्लिमेंट आहे" म्हणून लपवतात. माशांची अ‍ॅलर्जी असेल तर स्वतःहून प्रयोग नको.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हृदयाचे ठोके. मोठ्या अभ्यासांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडणं, फिश ऑइल घेणाऱ्यांत थोडं जास्त दिसलंय, आणि दिवसाला १ ग्रॅमच्या वर गेलं की धोका वाढतो. हा त्रास आधी होऊन गेला असेल तर स्वतःच्या मनाने मोठा डोस घ्यायचा नाही. घेताना छातीत धडधड, चक्कर जाणवली तर थांबवा आणि ईसीजी काढा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत ईपीए-डीएचए एकंदरीत सुरक्षित म्हटलंय, पण ते २०१२ सालचं मत आहे, ठोक्यांचे बरेच पुरावे नंतर आले.

ट्रायग्लिसराइडसाठी डॉक्टरांनी सुरू केलं असेल तर दोन-तीन महिन्यांनी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल परत करा. फक्त ट्रायग्लिसराइड नको, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही बघा, कारण डीएचए असलेल्या तेलाने काहींचं एलडीएल वाढतं. आकडे हलले नसतील तर बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा, मागचं लेबल त्यांना वाचू द्या, आणि मधल्या काळात दारू, साखर, मैदा किती गेला तेही खरं खरं सांगा.