आशियातल्या देशांमधल्या आत्महत्यांची तुलना करताना या चुका टाळा

बेळगावात मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी वीस वर्षं गेली. १० सप्टेंबरचा आत्महत्या प्रतिबंध दिन जवळ आला की नवे वार्ताहर आणि कॉलेजची मुलं आशियातल्या देशांची यादी घेऊन येतात. कुठला देश पहिला, कुठला शेवटचा. चुका दरवर्षी त्याच.

नुसती संख्या बघून क्रमांक लावणे. या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या कर्नाटकातल्या खानापूर भागात एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक होतो. एका मुलाने २०२२ ची सरकारी आकडेवारी जोरात सांगितली: महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या, कर्नाटकात १३,६०६. म्हणून पलीकडे परिस्थिती भीषण, आपल्याकडे बरी. टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत एक काका बसले होते. आदल्या वर्षी त्यांचा तरुण मुलगा असाच गेला होता. ते उठले, चप्पल हातात घेऊनच बाहेर पडले.

स्पर्धा संपल्यावर त्या मुलाला बाजूला बसवलं आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला भागाकार करायला लावला. लोकसंख्येने भागल्यावर कर्नाटकाचा दर आला लाखामागे २०.२, महाराष्ट्राचा १८.१. पारडं फिरलं. "सर, मोबाइलवर पहिलं जे आलं ते घेतलं," तो म्हणाला. पोरगं हुशार होतं, पण दोन मिनिटं थांबायची सवय कुणी लावली नव्हती.

देशांचंही तसंच. २०२३ मध्ये जपानात २१ हजारांहून जास्त लोकांनी जीव दिला, दक्षिण कोरियात १३,९७८ जणांनी. संख्येत जपान पुढे. पण कोरियाचा दर लाखामागे २७.३, जपानचा साडेसतराच्या आसपास. माझ्या वहीत चार रकाने असतात: देश, वर्ष, लाखामागे दर, नोंद कुणाची. चारही भरल्याशिवाय मी तो देश बातमीत घेत नाही.

आकडा कमी म्हणजे देश सुखी, असं मानणे. आमच्याकडे असा मृत्यू झाला की पोलीस ठाण्यात यूडीआर होतो, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद. पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला गेलात तर त्यालाच अकस्मात मृत्यूची नोंद म्हणतात. कागद कुठलाही असो, कारण लिहिताना घरचे आडवे येतात. एका गावात बातमीसाठी गेलो होतो. ओसरीवर बसलेल्या आजोबांनी माझा हात धरला, "दादा, पोटदुखीनं गेला असंच लिहा. धाकट्या नातीचं लग्न ठरायचंय." त्या हाताची थरथर अजून आठवते. आता सांगा, असे आजोबा किती देशांत किती असतील?

पाकिस्तानात डिसेंबर २०२२ पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. जिथे वाचलेल्याला तुरुंगाची भीती, तिथे नोंद कमीच होणार. आणि आपलंच बघा. २०१९ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने भारतात १,३९,१२३ आत्महत्या मोजल्या. त्याच वर्षाचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे १ लाख ७३ हजार. पहिला आकडा पोलिसांच्या नोंदींचा, दुसरा अंदाज बांधून काढलेला. एका देशाचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून उचलला की तुलना तिथेच संपली.

वर्षांची सरमिसळ. एकाचं २०१९, दुसऱ्याचं २०२३ नको. मधे कोरोना येऊन गेला.

वयाचा विचार न करणे. जपानात म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त, भारतात तरुणांचं. वयानुसार समायोजित केलेला दर, म्हणजे सगळ्या देशांत वयोगटांचं प्रमाण सारखं धरून काढलेला, मिळत असेल तर तोच घ्या.

मालदीव, ब्रुनेईसारख्या छोट्या देशांवरून निष्कर्ष. पाच-दहा मृत्यूंनी दर उड्या मारतो. तिथे चार-पाच वर्षांची सरासरी बघा.

बाई-पुरुष एकत्र मोजणे. बहुतेक देशांत पुरुषांचं प्रमाण जास्त, पण हा फरक प्रत्येक देशात सारखा नाही.

'तिकडची माणसंच तशी' असं म्हणणे. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास दर लाखामागे ४७ वर पोचला होता. सरकारने शेतीतली अतिविषारी औषधं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि दहा वर्षांत दर निम्म्यावर आला. दहा वर्षांत सिंहली-तमिळ माणसांचा स्वभाव बदलला नव्हता. जपाननेही २००६ मध्ये प्रतिबंधाचा कायदा केला, आणि २००३ मध्ये ३४ हजारांवर गेलेली संख्या २०१९ पर्यंत २० हजारांच्या आसपास उतरली. त्यामुळे थंडी, धर्म, परीक्षा, कर्ज असं एकच कारण ठोकून देणारा मजकूर माझ्या टेबलावर आला की मी तो परत पाठवतो. कितीही घाई असली तरी.

मदतीचा नंबर न छापणे. हा नंबर विसरणाऱ्या वार्ताहराला मी त्याच रात्री फोन करतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.